डिस्टर्बन्स काढलेली सीडी

४ जून २००६, रविवार

आजपासून रोजनिशी. शिस्त म्हणून, बाकी काही नाही. दिवाळीत कारखान्यातून वायरमन म्हणून रिटायर झालो, मार्चमध्ये शालू गेली. आता केरबाला वेळच वेळ, असे आमच्या अख्ख्या बावडा गावात बोलले जाते. बोलोत. मी पूर्ण सावरलो आहे. जलदान विधीला आलेली पाहुणेमंडळीसुद्धा जाताना म्हणत होती की बायको गेली तरी गडी घट्ट आहे.

संकल्प: पाचला उठणे. तंबाखू बंद. स्वयंपाक स्वतः. शालूच्या फोटोसमोर उगीच बसायचे नाही. आणि प्रोजेक्ट.

प्रोजेक्ट म्हणजे आपल्या म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या, बाबासाहेबांवरच्या. पंधरा वर्षे सुट्टीच्या दिवशी गावोगाव हिंडून मी त्या टेप केल्या. साधे काम नव्हे. दुबईहून मागवलेला रेकॉर्डर, क्रोम कॅसेट, वेगळा माईक, कानाला हेडफोन. हाय क्वालिटी. सगळा माल पलंगाखाली ट्रंकेत आहे. येत्या १४ ऑक्टोबरला धम्मदीक्षेला पन्नास वर्षे होतात. त्या दिवशी आमच्या विहारात माझी सीडी निघणार. एकच सीडी, तीत सगळ्या ओव्या. ज्याला पाहिजे त्याने कॉपी मारून घ्यावी, ईमेलने पाठवावी, सातासमुद्रापार जाऊ दे. चार महिने हातात आहेत. दोन पुरे.

चहा उतू गेला. शेगडी पुसायची राहिली आहे.

५ जून

उठलो आठला. लोडशेडिंगमुळे झोप झाली नव्हती. उद्यापासून पाच.

तंबाखू एकदाच. जेवणानंतरची धरायची नसते.

८ जून

स्वप्नालीने पुण्याहून तिचा जुना कॉम्प्युटर पाठवला. मुलगी गुणी आहे. पहिलटकरीण आहे, पण माझीच काळजी जास्त करते. फोनवर विचारत होती, पप्पा जेवता ना. म्हटले, रोज ताजी भाकरी. (भाकरी थापायला घेतली होती. तव्यापर्यंत पोचली नाही. बेकरीतले बटर आणि चहा.)

संग्राम येऊन कॉम्प्युटर जोडून गेला. संग्राम म्हणजे कोपऱ्यावरचा नेट कॅफेवाला. त्याने एमपी-थ्री समजावून सांगितले, मला निम्मे माहीत होतेच. टेपवरून कॉम्प्युटरमध्ये घेतलेली मूळ फाईल म्हणजे वेव्ह. ती धिप्पाड असते. पाठवायला गेले तर नेट कॅफेत मुक्काम करावा लागेल. तिची एमपी-थ्री केली की दहावा हिस्सा उरतो. कसा? तर माणसाच्या कानाला तसेही जे कळत नाही ते ती काढून टाकते. मोठ्या आवाजाच्या आड दडलेला बारीक आवाज असेल तर तो गेला. ऐकणाऱ्याला काही गेल्याचा पत्ताही लागत नाही.

हे मला फार पटले. माणसाने असेच राहावे. गेलेले कळू नये आणि ओझे हलके व्हावे.

१६ जून

टेप आत घेण्याचे काम सुरू. वायर मीच तयार केली. वायरमनला कोण शिकवणार. कॅसेट जेवढी लांब तेवढाच वेळ ती आत घ्यायला लागतो, घाई चालत नाही. मध्येच लाईट गेली की परत पहिल्यापासून. आज एकच कॅसेट तीनदा घेतली. चांगलेच झाले म्हणा, तपासून झाली.

प्रत्येक कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही खिट्ट्या मोडलेल्या आहेत, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही टेप होऊ नये. ते काम शालूचे. घरी आलो की डोक्यातली पिन काढून आधी खिट्ट्या मोडायची, मग चप्पल काढायची.

२१ जून

गडमुडशिंगीच्या बयाबाईची कॅसेट. शालूच्या माहेरची म्हातारी. नव्वदीची असावी, तिलाही नक्की ठाऊक नाही. माझे सर्वोत्तम रेकॉर्डिंग.

नोंद करून ठेवतो, पुढे अभ्यासकांना उपयोगी पडेल. सुरुवातीला या बायका माईकसमोर गातच नसत. आम्हाला कुठले येतेय म्हणून पदर तोंडाला. मग शालूने युक्ती काढली. माईकचे नाव काढायचे नाही. घरून पायलीभर ज्वारी घेऊन जायची, म्हातारीच्या समोर जात्याच्या खुंट्याला हात लावून बसायचे आणि पहिली ओळ आपणच उचलायची. जात्यावर दोघी बसल्या की एकीने उचलायची आणि दुसरीने पुरी करायची, ही रीतच आहे. समोरून ओळ आली की म्हातारीला गप्प बसवतच नाही.

शालू म्हणते:
पाटीवर लेकीनं काय लिवलं गं बाई
आणि बयाबाई लगेच:
भीमाचं नाव लिवलं, मला वाचाया येत न्हाई

म्हातारीचा आवाज काय लागलाय. तांत्रिक बाजू अर्थात माझी.

२८ जून

एक गोष्ट लक्षात आली. टेपवर शालू फार बोलते.

मी कानाला हेडफोन लावून मीटरवर नजर ठेवून असायचो, त्यामुळे त्या वेळी जाणवले नसावे. आता कॉम्प्युटरवर सगळे उघडे पडते. ओवी रंगात आली की हिचे काहीतरी. ‘अवो, माईक जरा लांब धरा की, म्हातारीच्या तोंडात घालताय काय.’ ‘बॅटरी बघितली न्हवं?’ एकदा तर चक्क ‘तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय’, आणि मग दोघीही हसतात. बांगड्या तर सतत. शिवाय प्रत्येक ओवीची पहिली ओळ हिची, ती वेगळीच.

प्रोफेशनल रेकॉर्डिंगमध्ये याला डिस्टर्बन्स म्हणतात. तो काढावा लागेल.

२ जुलै

डिस्टर्बन्स काढायचा तर आधी तो कुठे कुठे आहे ते नीट ऐकावे लागते. आज दिवसभर तेच केले. बटणाचा भाग पुन्हा पुन्हा ऐकला, कापायची जागा नक्की करायला. कापायचे राहिले.

डोळ्यांतून पाणी येते. मॉनिटर जवळ असल्याने. डॉक्टरांकडून थेंब आणले.

११ जुलै

आकाराम आला होता. गायन पार्टीत पेटी वाजवतो, माझा लहानपणचा दोस्त. १४ ऑक्टोबरच्या कार्यक्रमाची त्यांची तालीम सुरू झाली आहे. आपले आपल्याला ऐकून चुका काढायला कोऱ्या कॅसेट हव्यात, आणि बाजारात हल्ली चांगली कॅसेट मिळत नाही. म्हटले, माझ्याकडच्या क्रोम ने की. कॉम्प्युटरमध्ये आलेल्या कॅसेटींचा आता काय उपयोग? सगळे वेव्हमध्ये सुरक्षित आहे. पिशवीभर दिल्या. ट्रंक निम्मी रिकामी झाली, पलंगाखाली झाडायला बरे.

खिट्ट्या मोडलेल्या म्हणून आकाराम नाराज झाला, यावर टेप होणार नाही म्हणाला. त्याला तांत्रिक ज्ञान शून्य. खिट्टीच्या भोकावर चिकटपट्टी लावली की झाले. सगळ्यांना मी स्वतः लावून दिली. आपली वस्तू कुणाच्या उपयोगी पडली की बरे वाटते.

२५ जुलै

पाऊस, ओल, लाईट नाही. पाचला उठणे तहकूब, पावसाळ्यात तब्येतीला बरे नसते.

बाकीच्या कॅसेट आत घेतल्या. सगळ्या ओव्या आता कॉम्प्युटरमध्ये. हार्ड डिस्क काठोकाठ भरली आहे.

३ ऑगस्ट

आज निश्चय केला. ऐकत बसायचे नाही, कापत जायचे.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे मन पुन्हा डळमळणार नाही. सकाळी फाईल उघडली की ‘चहा टाकू काय वो?’ असे आले. आणि मी टाक म्हणालो. मोठ्याने. खिडकीतून शेजारच्या अंबूबाईंनी बघितले. संध्याकाळी त्यांनी भाजी पाठवली आणि वर विचारले, भाऊजी बरे आहात ना. मी बरा आहे. त्या आवाजामुळे काम अडते एवढेच. तो एकदाचा निघाला की मी मोकळा.

४ ऑगस्ट

बटणाचा भाग कापला. माऊसने रंगवायचे आणि डिलीट दाबायचे. आवाजसुद्धा होत नाही.

कापलेली फाईल मूळ फाईलवरच सेव्ह करतो, वेगळी ठेवायला डिस्कवर जागा नाही. घाबरायचे कारण नाही, मूळ कॅसेट आहेतच.

१९ ऑगस्ट

कामाला वेग आला आहे. आता शालूची पहिली ओळ आली की हात आपोआप चालतो. ओवी थेट म्हातारीच्या ओळीपासून सुरू होते. पाल्हाळ नाही, डायरेक्ट मुद्दा. बांगड्या मात्र निघत नाहीत, त्या म्हातारीच्या आवाजाला चिकटून बसल्या आहेत. संग्रामने एक फिल्टर दाखवला. तो लावला तर बांगड्या गेल्या, म्हातारीचा आवाज थोडा घोंगडीखालून आल्यासारखा झाला. चालायचेच.

स्वप्नालीचा फोन. दसऱ्यानंतर बाळंतपणाला माहेरी येते म्हणाली. मग म्हणाली, तुम्हाला जमेल ना पप्पा. म्हटले, न जमायला काय झाले, मी आहे की. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू माझे मला करता येतात. (कसे करतात ते अंबूबाईंना विचारणे.)

३० ऑगस्ट

शेवटची फाईल कापत होतो. तेवढ्यात आकाराम आला. काहीतरी म्हणत होता, ट्रंकेकडे बोट दाखवत होता. माझ्या कानाला हेडफोन, आणि नेमकी शालू ‘कुणीतरी आलंय वो दारात’ म्हणत होती. फार वर्षांपूर्वीचे दार ते. मी आकारामला हात केला, घे काय घ्यायचे ते. तो गेला. मी ते वाक्य आणखी थोडा वेळ ऐकले, मग कापले.

संपादन संपूर्ण. कुठेही डिस्टर्बन्स नाही. खरे म्हणजे मिठाई आणायला हवी होती.

रात्री घर फारच शांत. प्रोफेशनल शांतता.

९ सप्टेंबर

एमपी-थ्री करायला घेतले. संग्राम म्हणतो, काका, आकडा लहान तशी फाईल लहान, पण एकशे अठ्ठावीसच्या खाली उतरू नका, आवाज पार मरतो. त्या आकड्याने एक सीडी पुरत नाही, पाच लागतात. आणि माझी घोषणा एका सीडीची आहे. चोवीसवर टाकले. जात्यावरच्या ओव्या आहेत, सिनेमाची गाणी नव्हेत. म्हाताऱ्यांच्या आवाजात बारकावे असून असून किती असणार?

ऐकून बघितले. बयाबाई विहिरीतून गाते. पण शब्द कळतात.

१२ सप्टेंबर

कॉम्प्युटर म्हणतो जागा नाही. एमपी-थ्री ठेवायला जागा हवी तर वेव्ह काढा. काढल्या. धिप्पाड फाईली, एकेक जाताना केवढी जागा मोकळी होत होती. रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली, काम करायचे तर पुरते करावे. मूळ कॅसेट ट्रंकेत आहेतच.

हलके वाटले. डिस्क रिकामी, डोके रिकामे. जेवलो नाही, भूक नव्हती.

२४ सप्टेंबर

सीडीचे कव्हर. संकलन केरबा, ध्वनिमुद्रण केरबा, संपादन केरबा, निर्मिती केरबा. खाली ‘सहकार्य’ म्हणून शालूचे नाव घातले होते. संग्रामने ते टाईप करताना हळूच सुचवले की काका, नावाआधी ‘कालकथित’ लागेल. बरोबर आहे, कैलासवासीच्या जागी आपल्यात तसेच लिहितात. त्याने टाईप केले आणि मला दाखवले.

कव्हरवर ते बरे दिसेना. डिझाईन बिघडते. म्हटले, ते काढ. त्याने फक्त ‘कालकथित’ काढले. म्हटले, तसे नको, पुरे काढ.

नाव निघाल्यावर कव्हर सुटसुटीत दिसते.

५ ऑक्टोबर

स्वप्नाली आली. घरात शिरताच स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. शेगडी पुसत होती म्हणाली. मी जूनपासून पुसणारच होतो.

लाडू केले. डिंक कच्चा राहिला. स्वप्नालीने एक खाल्ला, चांगला झालाय म्हणाली, दुसरा घेतला नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

सीडी घेऊन गडमुडशिंगीला. संग्रामचा सीडी प्लेअर बरोबर. बयाबाईला आता दिसत नाही, कान मात्र शाबूत. १४ तारखेला तिला आणणे जमणार नाही म्हणून म्हटले, आधी तिलाच ऐकवू. मोठ्या मानाने ओसरीवर बसलो आणि लावली.

म्हातारीने कान दिला. मान एका बाजूला करून बसली होती. हात मांडीवर गोल फिरत होता. एक ओवी झाली, दुसरी झाली. मला वाटले भारावली. मग मला म्हणाली,

“पावणं, शालू कवा उचलायची?”

मी तिला डिस्टर्बन्स म्हणजे काय ते सोप्या शब्दांत सांगितले. मुख्य आवाज तुमचा, बाकीचे काढले, आता सगळे स्वच्छ. तिने शांतपणे ऐकून घेतले. प्लेअरमध्ये तीच म्हणत होती, भीमाचं नाव लिवलं, मला वाचाया येत न्हाई. ती ओळ संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली,

“मग ही म्हातारी कुणाला सांगतीया?”

वय झाले की तांत्रिक गोष्टी कळत नाहीत. येताना तिच्या सुनेने भुईमुगाच्या शेंगा दिल्या. एसटीत सीट मिळाली नाही. घरी येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात. शेंगा एसटीतच राहिल्या.

१४ ऑक्टोबर, शनिवार

विहार गच्च भरला होता. बुद्धवंदना झाली, त्रिशरण पंचशील झाले. मला शाल दिली. भाषणात मी हाय क्वालिटी हा शब्द पुष्कळदा वापरला. मग सीडी मोठ्या स्पीकरवर लावली.

मोठ्या स्पीकरवर चोवीसचा आवाज जरा वेगळा लागतो. विहिरीतून येतोच, वर शिट्टीही मारतो. लोक एकमेकांकडे बघू लागले. पुढे बसलेल्या बायकांनी ओव्या ओळखल्या, ओठ हलवू लागल्या, पण सूर धरायला पहिली ओळच नाही, तेव्हा कुठून धरणार. त्यांच्यातली धोंडुबाई पाटणकरीण मोठ्याने म्हणाली की उत्तरं ऐकू येत्यात, सवाल कुठं गेलं? हसले काही जण. तिसऱ्या ओवीनंतर आकारामने सीडी बंद करून पेटी पुढे ओढली. वेळेअभावी. त्यांचा कार्यक्रम मात्र झकास झाला, तालीम कसून केलेली दिसते.

सीडी कॉपी करायला कुणी मागितली नाही. गर्दीत विसरले असतील.

घरी आल्यावर स्वप्नाली शाल घडी करत होती. म्हणाली, पप्पा, मी एवढी वाट बघत होते. मी म्हटले, कशाची? तर म्हणाली, आईच्या आवाजाची. मागच्या वर्षी आई तिला सांगत होती म्हणे, तुझं बाळ झालं की मी मांडीवर घेऊन ओव्या उचलणार, तू पुऱ्या करायच्या. ते तर आता व्हायचे नाही. पण टेपवर आई शंभर ठिकाणी आहे, निदान उचलायला ती असेल, असे धरून बसली होती.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटले, वेडी का काय, आई कुठे जाते? मूळ कॅसेट आहेत. उद्या सकाळी पाचला उठून काढतो.

१५ ऑक्टोबर, सकाळी पाच

उठलो. जूनपासून पहिल्यांदा.

ट्रंक रिकामी आहे.

तळाला पेपर आणि शालूची एक पिन.

१५ ऑक्टोबर, दुपार

आकारामकडे गेलो. तो चहा पीत होता. म्हटले, अर्ध्याच दिल्या होत्या ना मी. तर तो म्हणाला, राहिलेल्या ऑगस्टात नेल्या की, तुला विचारून, तूच हात केलास. बरोबर आहे. रोजनिशीतही तसेच आहे, आत्ता मागे उलटून पाहिले. सगळे माझ्याच अक्षरात आहे.

त्याला सांगितले की कॉम्प्युटरमधली शालू मी कापून टाकली आहे. त्याने चहा तसाच ठेवला. कपाटातून कॅसेटींची पिशवी काढली, चप्पल घातली आणि माझ्याबरोबर घरापर्यंत आला. दारात म्हणाला, “केरबा, तुला वाटलं न्हाय काय रं एकदा तरी शालू ठेवावी म्हणून?”

वाटले होते. प्रत्येक वेळी वाटले होते. म्हणून तर कापत होतो. ऐकू येत होती तोवर ती घरात होती, आणि फाईल बंद केली की रोज नव्याने जायची. एवढे कुणाला सोसते? मला नाही सोसले. मी सावरलो वगैरे काही नव्हतो. हे आकारामला बोललो नाही. इथे लिहितो.

१७ ऑक्टोबर

स्वप्नाली आणि मी कॅसेट ऐकतो आहोत. प्रत्येकीवर पेटी. हॅलो हॅलो, वन टू. आकाराम खोकतो. तबलेवाला उशिरा येतो, त्याला शिव्या. परत पेटी. माझ्या चिकटपट्ट्या, आणि माझ्या बघून आकारामने लावलेल्याही, फार चांगल्या बसल्या आहेत, एकही निघालेली नाही.

स्वप्नाली मला काही बोलत नाही. बोलली असती तर बरे झाले असते. तिचे पाय सुजले आहेत, पाटावर पाय ठेवून हेडफोन लावून बसते. कालपासून मला चहासुद्धा तीच देते.

१९ ऑक्टोबर

पेटी.

२० ऑक्टोबर

पेटी. एका कॅसेटवर मधे काही क्षण नुसते जाते फिरल्यासारखे वाटले. पुन्हा पुन्हा लावले. पंखा होता, आकारामच्या घरचा.

२२ ऑक्टोबर, रविवार

पिशवीच्या तळाची कॅसेट. गायन पार्टीची तालीम त्या दिवशी लवकर आटोपली असावी. पेटी थांबली, खट्ट झाले आणि त्यापुढे टेप करायचे त्यांनी सोडून दिले. टेपची शेवटची पट्टी जुनीच राहिली.

जाते फिरतेय. मंदावले. थांबले. बांगड्या वाजल्या, पीठ सारल्याच्या. आणि मग शालू, अगदी माईकजवळ, कारण कॅसेट संपत आली की ती रेकॉर्डरच्या खिडकीतून चाक बघून मला सांगायची, मला हेडफोनमध्ये कळायचे नाही.

“संपली वो कॅसेट. बंद करा आता, चहा टाकते.”

तिच्यानंतर माझा आवाज आहे. शूऽऽ, एवढाच.

स्वप्नालीने हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. मग परत स्वतःला. नंतर ती खूप रडली, आणि मला वाटते मीही. अंबूबाई खिडकीत आल्या नाहीत, ते बरे झाले.

२३ ऑक्टोबर

तेवढा तुकडा कॉम्प्युटरमध्ये घेतला. वेव्ह. काही कापले नाही, फिल्टर नाही, खरखर आहे तशीच. माझे शू तरी काढू का, म्हणून स्वप्नालीला विचारले. ती नको म्हणाली. असू दे पप्पा, तुम्ही दोघेही आहात त्यात.

तिला तो मेलवर हवा आहे, बाळासाठी. दवाखान्याच्या पिशवीत बाकी सगळे भरून झाले आहे म्हणाली.

फ्लॉपी घेऊन संग्रामकडे गेलो. त्याला म्हटले, बाबा, या वेळी तू म्हणशील त्या आकड्यावर कर. एकशे अठ्ठावीस कर, त्याहून मोठे असेल तर ते कर, पण आवाज मरू देऊ नको. त्याने फाईल उघडून तिचा आकार बघितला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, काका, एवढीशी तर आहे. हिला कॉम्प्रेस कशाला करायची? आहे तशीच जाते.

आहे तशीच पाठवली.